पाणमांजरांचा गोलकीपर

एल्डन फॉल्ससारख्या लहान गावाला आइस हॉकीची व्यावसायिक टीम असावी की नसावी, यावर धम्मदीप मेश्रामचं नोव्हेंबरपर्यंत काहीच मत नव्हतं. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ते झालं, आणि झालं तेव्हा एकदम पक्कं झालं. त्या दिवशी त्याने आपल्या वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी 'शाबास' म्हणताना ऐकलं. आणि तो कुणीतरी धम्मदीप नव्हता.

गाव न्यूयॉर्क राज्यातलं. एवढं सांगितलं की नागपूरचे नातेवाईक लगेच उंच इमारतींची चौकशी करत. पण ते न्यूयॉर्क इथून गाडीने पाच तास लांब. इथे एक नदी, एक बंद पडलेली कागदाची गिरणी, एक विमा कंपनी, एक हॉस्पिटल आणि अर्धं वर्ष बर्फ. धम्मदीप त्या विमा कंपनीत डेटाचं काम बघायचा, बायको मैत्री हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती आणि मुलगी अनिका पाचवीत होती. वडील दादाराव एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. आई गेल्यावर मुलांकडे अमेरिकेत आले. धाकटा अनुप फ्रीमाँटला. तिथे बारा महिने ऊन, शेजारीपाजारी मराठी माणसं, रविवारी बुद्धवंदना, जयंतीला भरलेला हॉल. तरी बाबांनी राहायला निवडलं ते थोरल्याचं घर. याचा धम्मदीपला इतका आनंद झाला की अनुपला ते तो निरनिराळ्या निमित्ताने ऐकवत राहिला. "काय करणार यार, बाबांना इथलीच हवा मानवते," असं तो शून्याखाली वीस असताना म्हणायचा.

बाबा कौतुक करणाऱ्यांपैकी नव्हतेच. दहावीला धम्मदीप शाळेत पहिला आला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "गणितात चार मार्क कुठं गेले?" इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा म्हणाले, "होस्टेलात ढेकूण असतात, चादर नेजो." अमेरिकेचा व्हिसा मिळाला तेव्हा त्यांनी पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि फोटो काही बरा आला नाही म्हणून परत दिला. धम्मदीपने हे सगळं मनाच्या एका कोपऱ्यात रचून ठेवलं होतं. बाबांचा स्वभावच तसा, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती, आणि ती चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत व्यवस्थित पुरली होती.

त्या हिवाळ्यात गावात ऑटर्स नावाची टीम आली. टीव्हीवर दिसते ती मोठी लीग वेगळी. ही तिच्या कितीतरी पायऱ्या खालची. मालकाने गावाशी बोली केली होती की एक सीझन नदीकाठच्या जुन्या बर्फाच्या रिंगणात खेळून दाखवतो, लोक आले तर पुढे गावाने रिंगण नव्याने बांधून द्यावं आणि टीम कायमची इथली. खेळाडूंना पगार बेताचा, त्यामुळे गावातल्या कुटुंबांनी आपल्या रिकाम्या खोल्या त्यांना द्यायच्या, असा या खालच्या लीगमधला रिवाज. अनिकाने शाळेतून त्याबद्दलची चिठ्ठी आणली. मैत्री म्हणाली, बेसमेंट रिकामंच आहे. बाबा म्हणाले, "राहू दे. दिवसभर घरात मी एकटा. माणूस असलं तर बरं." धम्मदीपनेही मोठ्या मनाने हो म्हटलं. आपण मोठ्या मनाचे आहोत असं वाटायला तेव्हा काही अडचण नव्हती.

आला तो कोनर. मिनेसोटाच्या एका खेड्यातला, चोवीस वर्षांचा, लालसर केसांचा, दारातून येताना उंचीमुळे मान खाली घालणारा गोलकीपर. आठवड्याच्या आत बाबांनी त्याचा 'कोन्या' केला आणि तो दादारावांना 'दादा' म्हणू लागला. अनिकाकडून 'ऑटर' म्हणजे पाणमांजर हे कळल्यावर टीमचं नावही बदललं. "आज आपली पाणमांजरं कोनासंगं?" असं ते सकाळी चहा पितानाच विचारू लागले.

आणि मग तो शनिवार. ऑटर्सची गावातली पहिली मॅच. रिंगणात कुडकुडत बसलेल्या हजारेक लोकांत सत्तरीचे दादाराव, डोक्याला माकडटोपी, गळ्यात टीमचा निळा मफलर. कोनरने तीन गोल खाल्ले. चौथा मात्र त्याने आडवं पडून, पायाच्या पॅडने अडवला, आणि ऑटर्स एका गोलने जिंकले. तेव्हा बाबा उभे राहिले आणि वर्कशॉपमध्ये इंजिनच्या आवाजावर ओरडायची सवय असलेल्या गळ्याने ओरडले, "शाबास रे माझ्या पठ्ठ्या! शाबास!"

आजूबाजूचे गोरे लोक हसले, टाळ्या वाजवू लागले. दोन बाक पुढे बसलेल्या बाईने तर "शा-बास!" असं म्हणून पाहिलं. धम्मदीपच्या हातातले पॉपकॉर्न तसेच राहिले. तीन गोल खाऊन शाबास! आपले गणितातले चार मार्क गेले होते.

तिथून पुढे त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

घरी आला की स्वयंपाकघरातून हसणं ऐकू यायचं. बाबा परातीत भाकरी थापत असायचे आणि हा गडी शेजारी उभा राहून पिठलं ढवळत असायचा. कोनर हिरव्या मिरचीचा ठेचा खायला शिकला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघून "जय भीम" म्हणायला शिकला, आणि तेही असं की जणू याचा जन्म नागपूरच्या इंदोऱ्यात झालाय. बाबांचं इंग्रजी वर्कशॉपच्या स्पेअर पार्टांपुरतं होतं, ते कोनरशी बोलता बोलता मोकळं झालं. धम्मदीपने दोन वर्षं त्यांच्यामागे लागून लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं होतं. तिथे ते दोनदा गेले आणि मास्तरीण फार हळू बोलते म्हणून परत आले होते.

जानेवारीत धम्मदीप डायरेक्टर झाला. कंपनीत त्या पदावर पोचलेला तो पहिला भारतीय. त्याने ही बातमी मुद्दाम रात्रीच्या जेवणापर्यंत राखून ठेवली, सगळे बसल्यावर सांगितली. मैत्रीने टाळी वाजवली. अनिका म्हणाली, "Cool! Do you get a bigger office?" कोनरने उठून हात मिळवला. बाबांनी मान हलवली.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता घरी यायला अजून उशीर करशील. कोन्या, अजून एक भाकर घे, उद्या मॅच हाय."

त्या रात्री तो मैत्रीला म्हणाला, "त्याला भाकर आणि मला टोमणा. मी या घराचा हप्ता भरतो."

"तू जळतोस," मैत्री म्हणाली.

"मी? त्या पोरावर? काहीही बोलतेस."

"तोंडावर कौतुक नाही करत ते. माझे बाबाही नाही करायचे. पोरं शेफारतात म्हणतात." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसली. "आणि तू काय वेगळा आहेस? अनिका सायन्स फेअरमध्ये दुसरी आली तर पहिलं कोण आलं म्हणून विचारलंस. आणि ऑफिसात सगळ्यांना तिचा फोटो दाखवत फिरलास, मला तुझ्या त्या अमितने सांगितलं."

"ते वेगळं," धम्मदीप म्हणाला आणि कूस बदलली.

पण सगळ्यात जास्त त्याला झोंबायचं ते दुसरंच. गावात मॅच असली की खेळ सुरू व्हायच्या थोडं आधी बाबा बाकावरून उठायचे, पायऱ्या उतरून खेळाडू बर्फावर येतात त्या तोंडाशी जायचे. कोनर सगळा चिलखत घातलेला, मुखवटा डोक्यावर सरकवून तिथे यायचा आणि कठड्याअलीकडे गुडघ्यावर बसायचा, म्हणजे त्याचं डोकं बाबांच्या तोंडाशी यायचं. मग बाबा हातवारे करत काहीतरी सांगायचे. बराच वेळ सांगायचे. कोनर मान हलवायचा, कधी हसायचा, एकदा तर त्याने हातमोज्याने डोळे पुसल्यासारखं केलं. नंतर काठीने कठड्यावर ठोके मारून तो बर्फावर जायचा. रखवालदारही बाबांना अडवत नसे. तो "हाय, डाडा" म्हणून त्यांना वाट करून द्यायचा.

धम्मदीप हे वरून बघायचा. आपल्या बापाचे हातवारे इतके मोठे असू शकतात हे त्याला ठाऊक नव्हतं. परीक्षेच्या आधी आपल्याला कुणी असं जवळ घेऊन काही सांगितल्याचं त्याला आठवत नव्हतं. आतून तो नुसता धुमसायचा, आणि वरून अनिकाला खेळाचे नियम समजावून सांगायचा, तेही चुकीचे.

"काय सांगता एवढं त्याला?" एकदा गाडीत त्याने खडा टाकून पाहिला.

"काही नाही. खेळाचं," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

खेळाचं! हॉकीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड झाला तरी टाळ्या वाजवायचे.

आता धम्मदीपचं नशीब म्हणा की गावाचं, तो दोन वर्षांपासून गावच्या पार्क आणि क्रीडा समितीवर होता. बिनपगारी काम. लायब्ररीच्या वेळा, पोहण्याच्या तलावाची दुरुस्ती, कुत्र्यांना कुठल्या बागेत सोडायचं, असले विषय. रिंगणाचा प्रश्न याच समितीकडे आला. समितीने सल्ला द्यायचा, निर्णय सिटी कौन्सिलने घ्यायचा. समितीची अध्यक्षा कॅरल म्हणाली, "दीप, तू आकड्यांचा माणूस. अभ्यास तू कर आणि कौन्सिलपुढे तूच मांड."

नाही म्हणायला त्याच्याकडे चांगलं कारण होतं. टीमचा खेळाडू आपल्या घरात राहतो, एवढं म्हटलं असतं तरी सुटला असता. त्याने हो म्हटलं.

इथे एक त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने शोधून काढलेले मुद्दे खोटे नव्हते. असल्या लहान गावांत टीमा येतात, गावाकडून रिंगण बांधून घेतात आणि दुसऱ्या कुठल्या गावाने जास्त देऊ केलं की मुक्काम हलवतात. कर्ज मात्र गावाच्याच बोकांडी बसतं. मॅचमुळे हॉटेलं चालतात म्हणावं, तर तेच लोक तेच पैसे एरवी सिनेमाला घालवतात. शाळेच्या मुलांचा सरावाचा वेळ निम्मा झाला होता. लायब्ररी रविवारी बंद राहू लागली होती. दुसऱ्या बाजूलाही मुद्दे होते. गिरणी बंद पडल्यापासून या गावाला स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं; शेजारच्या मोठ्या शहराला सगळं आहे आणि आपल्याला काही नाही, ही खंत इथल्या माणसांच्या बोलण्यात सारखी यायची. हिवाळ्यात म्हातारीकोतारी माणसं घराबाहेर पडत होती ती याच टीममुळे. हा शेवटचा मुद्दा धम्मदीपने रिपोर्टमध्ये एका ओळीत घातला होता, नंतर तीही काढली. अशा गोष्टी मोजता येत नाहीत, असं कारण त्याने स्वतःला दिलं.

मुद्दे खरे होते, हीच तर खरी गोम होती. मुद्दे खोटे असते तर त्याला स्वतःची लाज वाटली असती. आता त्याला रोज संध्याकाळी आपण किती निःपक्षपाती आहोत याचा अभिमान वाटत होता, आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे बेसमेंटची रिकामी खोली दिसत होती.

मैत्रीने ते ओळखलं. "बाबांना आधी सांग," ती म्हणाली. "तिथे गेल्यावर कळायला नको त्यांना."

"कमिटीचा रिपोर्ट आहे. घरात चर्चा करायची नसते."

"कमिटीचा आहे ना? मग ठीक," मैत्री म्हणाली.

एप्रिलमध्ये सीझन संपला, तरी कोनर निकालासाठी थांबला होता. सभेच्या संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, वर निळा मफलर. कोनरने केस विंचरले. बाबा गाडीत पुढे बसले आणि वाटेत एकदाच बोलले. "पाणी पिऊन घेजो बोलायच्या आधी."

टीम राहावी म्हणून मुलगा बोलणार, असंच ते धरून चालले होते. घरचाच मुलगा, घरात टीमचा गोलकीपर. दुसरं काय असणार? धम्मदीपला हे कळत होतं. त्याने गाडी चालवली.

हॉल खच्चून भरला होता. निळ्या जर्सीतली पोरं, गिरणीतले जुने कामगार, 'शा-बास' म्हणायला शिकलेली ती बाई, बोर्ड घेऊन उभे असलेले हॉटेलवाले. लोकांनी एकेक करून तीन-तीन मिनिटं बोलून घेतलं. एक म्हातारा म्हणाला, बायको गेल्यानंतर मी घराबाहेर पडलो तो पहिल्यांदा या मॅचला. बरेच लोक डोळे पुसत होते. सात सभासदांच्या कौन्सिलचं मन डळमळत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मग कॅरलने धम्मदीपचं नाव पुकारलं.

तो चांगला बोलला, हे त्याच्या शत्रूनेही कबूल केलं असतं. आवाज चढवला नाही, कागदात बघितलं नाही. टीम म्हणजे गावाचं मन नव्हे, मालकाचा धंदा आहे, असं तो म्हणाला. मोठ्या शहराकडे आहे म्हणून आपल्याकडेही हवं, या हट्टापायी लहान गावं बुडाली आहेत, असंही म्हणाला. आणि मग, जे लिहून आणलं नव्हतं ते त्याच्या तोंडून गेलं.

"या टीमचा गोलकीपर माझ्या घरात राहतो," तो म्हणाला. "माझे वडील या टीमचे सर्वांत मोठे चाहते आहेत. ते समोरच बसले आहेत. माझ्या घरापुरतं बघायचं असतं तर मी टीमच्या बाजूने बोललो असतो. पण गावाचा विचार करायचा तर आपल्या माणसांना काय आवडतं ते बाजूला ठेवावं लागतं."

या शेवटच्या बोलण्याने कौन्सिलचं मन वळलं. जो माणूस आपल्या म्हाताऱ्या बापाविरुद्ध बोलतो तो खरंच बोलत असणार, असं कुणालाही वाटावं. मत घेतलं गेलं. चार हात टीमच्या विरोधात वर गेले, तीन बाजूने. निळ्या जर्सीतली पोरं रडू लागली. धम्मदीपने तेव्हा कुठे बाबांकडे पाहिलं. ते सरळ बसले होते, दोन्ही हात मांडीवर. इंग्रजी कळलं नसेल असं म्हणायची आता सोय नव्हती. थोड्या वेळाने ते उठले आणि त्या शाबासवाल्या बाईपाशी जाऊन तिच्या खांद्यावर थोपटू लागले.

धम्मदीप बाहेर व्हरांड्यात आला. खोटं कशाला, त्याला जिंकल्याचा आनंद झाला होता. मागून कोनर आला. आता हा भांडेल, असं धम्मदीपला वाटलं. भांडला असता तर बरंच झालं असतं.

कोनरने हात पुढे केला. "छान बोललात तुम्ही," तो इंग्रजीत म्हणाला. "मला वाटलं होतं तसंच. दादांनी सांगितलंच होतं."

"काय सांगितलं होतं?"

"की तुम्ही उभे राहिलात की लोक ऐकतात. तुमच्याबद्दल तर किती सांगितलंय त्यांनी. प्रत्येक मॅचच्या आधी." धम्मदीपचा चेहरा बघून तो थोडा लाजला. "तुम्हाला माहीत नाही? पहिल्या मॅचला मी इतका घाबरलो होतो की मला उलटी झाली. दादा खाली आले. म्हणाले, माझा मोठा मुलगा अमेरिकेला निघाला तेव्हा त्यालाही विमानतळावर उलटी झाली होती. तोंड धुतलं आणि परत रांगेत उभा राहिला. त्याचं तिकडे ओळखीचं कुणी नव्हतं. तू तर तुझ्याच देशात आहेस, जा आणि उभा राहा. आणि आम्ही जिंकलो. मग मी त्यांना सोडतोय कशाला? आम्ही गोलकीपर असेच असतो, जे करून एकदा जिंकलो ते दर वेळी करायचं. मला प्रत्येक मॅचच्या आधी दीपूची, म्हणजे तुमची, एक गोष्ट हवीच. दादा म्हणायचे, लक-बिक काही नसतं, आमच्या बाबासाहेबांनी हे सगळं सोडायला सांगितलंय. पण गोष्ट सांगायचे. न चुकता."

धम्मदीपने हॉलचं दार ओढून घेतलं.

"तुम्ही तुमच्या आईला सही करायला शिकवलीत ती गोष्ट," कोनर म्हणाला. "पहिल्या नोकरीत जेवण फुकट मिळतं असं खोटं सांगून सगळा पगार घरी पाठवलात ती. त्या मॅचच्या आधी मला रडू आलं होतं, हातमोज्याने डोळे पुसावे लागले. तुमच्या एम.टेक.च्या प्रोजेक्टचं नाव मला पाठ आहे." आणि त्याने ते म्हणून दाखवलं, बाबांच्या उच्चारांत, एकही शब्द न चुकता. "डायरेक्टर झालात ती गोष्ट तर मला आठवडाभर ऐकवली. तुम्हाला का नाही सांगत म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, बापाने तोंडावर सांगायचं नसतं. सांगायला दुसरं कुणीतरी लागतं. तिकडे घरी होते म्हणे मित्र. इथे फक्त मी."

"हो," धम्मदीप म्हणाला.

"पुढच्या आठवड्यात जातो मी. अलाबामाच्या एका टीमची ट्रायल आहे," कोनर म्हणाला. "तुमच्यावर राग नाही. गावाला परवडत नसेल तर नाही परवडत." आणि तो बाबांना शोधायला आत गेला.

परतताना कोनर मित्रांच्या गाडीतून गेला. बाबा धम्मदीपच्या शेजारी बसले. शेवटी धम्मदीपनेच तोंड उघडलं. चव्वेचाळीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं.

"बाबा, मी कसा बोललो?"

बाबांनी पुढच्या रस्त्याकडे बघत विचार केला. "बरा बोलला. थोडा फास्ट." मग म्हणाले, "तुझं बरोबर असंल. लहान गावाला नसंल झेपत. पण एकदा मले विचारायचं होतं रे."

"चुकलं माझं."

"इंडिकेटर चालूच हाय तुझा, बंद कर."

कोनर गेला त्या दिवशी बाबांनी त्याला भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही ते पायरीवर उभे राहिले. नंतर ते दुपारी खिडकीपाशी बसू लागले. अनुपचा फोन आला की हवा छान आहे म्हणायचे, पण आता लवकर ठेवायचे. धम्मदीपने ऑफिसातून लवकर यायला सुरुवात केली. समोर बसायचा, चहा करून द्यायचा. बाबा चहा प्यायचे आणि साखर जास्त झाली म्हणायचे.

एका रात्री जेवताना अनिका म्हणाली, "Dad, your speech is online. माझ्या टीचरने क्लासमध्ये दाखवलं. She said that's how you make an argument."

बाबांचा हात ताटावर थांबला. त्यांचा चेहरा उजळला, डोळे मोठे झाले, आणि काहीतरी सांगायला ते डावीकडे वळले. तिथली खुर्ची रिकामी होती. ते क्षणभर तसेच राहिले, मग पुन्हा ताटाकडे वळले.

"भाजीत मीठ कमी हाय," ते म्हणाले.

धम्मदीपने मीठ पुढे सरकवलं. मुलाचं कौतुक ज्याच्यापाशी करावं असं त्या गावात बाबांना आता कुणीही उरलं नव्हतं.